मागचं पान कोरं

माझ्या सासूबाईंना खोटं बोलताना मी एकदाच पाहिलं, आणि तेही अगदी समोरासमोर. मी गाड्यांच्या विम्याची तपासनीस आहे. "गाडी नुसती उभी होती हो, मागून कोणीतरी ठोकून पळालं," असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मला रोज भेटतात आणि त्यांची थाप पकडण्यावरच माझं पोट चालतं. त्यामुळे सासूबाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला आणि समोर बसलेल्या बाईंना म्हणाल्या, "याची दुसरी प्रत असणार माझ्याकडे, जरा शोधावी लागेल," तेव्हा ती थाप आहे हे मी तिथल्या तिथे ओळखलं. दुसरी प्रत नव्हती. त्या घरातल्या एकूण एक कागदाची नोंद मी स्वतः कॉम्प्युटरवर चढवली होती.

पण हे असं मधूनच सांगून कळायचं नाही. आधी सासूबाई कळल्या पाहिजेत.

लग्न ठरलं तेव्हा घर तीन खोल्यांचं आहे असं मला सांगण्यात आलं होतं. राहायला आले तर खोल्या दोनच. तिसरी गाण्यांची होती. नकाशे ठेवायची असतात तशी चपट्या खणांची लोखंडी कपाटं तिच्या तीन भिंतींना लागून उभी होती आणि त्यांत जुनं छापील संगीत होतं. पाच रेघांवर काळे ठिपके असलेले कागद. पियानोचे, व्हायोलिनचे, नाचाचे, लग्नात वाजवायचे, अंत्ययात्रेत वाजवायचे. शिवाय संगीताच्या मागून घरात आलेलं सगळं सटरफटर. मैफलींची कार्यक्रमपत्रकं, तिकिटांची अर्धुकं, तारांची रिकामी पाकिटं, पियानो जुळवणाऱ्यांची कार्डं, "घरबसल्या गायला शिका" अशा जाहिराती, गायिकांचे फोटो छापलेले चॉकलेटचे कागद. पहिल्याच आठवड्यात मी भाबडेपणाने विचारलं, "आई, हे तिकीट फाटलंय. टाकून देऊ?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला टाक हवं तर. हे राहू दे." त्या दिवसापासून आमचं जमलं.

त्या खोलीचे नियम होते. हात साबणाने धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. शाईचं पेन खिशात असेल तर ते बाहेर ठेवून यायचं. चहाचा कप उंबऱ्याच्या आत आला तर कप आणि माणूस दोघंही बाहेर. प्रत्येक कागदाला एक कार्ड, कार्डावर नाव, वाद्य, छापखाना, शिक्के आणि सगळ्यात शेवटी स्थिती. "स्थिती उत्तम" हे दोन शब्द लिहिताना त्यांचं अक्षर जरा मोठं व्हायचं. नातवंडांचं कौतुकसुद्धा त्यांनी इतक्या प्रेमाने कधी केलं नसेल, आणि हे मी नातवंडांची आई म्हणून सांगते आहे.

उत्तम स्थितीचं हे वेड दुकानातलं. लग्नाआधीपासून ते दुकान बंद पडेपर्यंत त्या वाद्यांच्या एका दुकानात कागदांच्या काउंटरला उभ्या होत्या. गिऱ्हाईक यायचं, दोन ओळी गुणगुणायचं आणि या मागे न बघता बरोबर तो कागद काढून द्यायच्या. लोक कागद पसंतीसाठी घरी न्यायचे आणि बरेचदा परत आणून द्यायचे, पण कोरे नाही. कोणी बोटांचे आकडे टाकलेले, कोणी "इथे श्वास" लिहिलेलं, कोणी नुसतंच "बाप रे" असं लिहून तीन रेघा मारलेल्या. मालक ओरडायचा सासूबाईंवर. मग त्या उभ्या उभ्या मऊ खोडरबराने ते सगळं पुसून काढायच्या, वरून शिळ्या ब्रेडचा गोळा हलक्या हाताने फिरवायच्या, म्हणजे मळही निघायचा, आणि कागद पुन्हा विकायला मांडायच्या. दुकान बंद झालं, मालकाने उरलेला माल रद्दीत घातला, तो यांनी हातगाडीवरून घरी आणला. पुढे रद्दीवालेच दारात येऊ लागले. ते त्यांना "गाण्यांच्या बाई" म्हणायचे आणि भावात घासाघीस करायचे. कागद घरचा झाला तरी पुसायची सवय काही गेली नाही. दुसऱ्याच्या पेन्सिलीची खूण त्यांना दुसऱ्याने नाक शिंकरलेल्या रुमालासारखी वाटायची. आमच्या घरात शिळा ब्रेड कधी वाया गेला नाही एवढं खरं.

पुसताना त्या नाकातल्या नाकात गुणगुणायच्या. उघड्या तोंडाने गाताना मात्र त्यांना कोणीच ऐकलं नव्हतं, त्यांच्या मुलानेसुद्धा नाही. "मी काउंटरवाली आहे, गायिका नाही," म्हणायच्या.

कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची कल्पना माझी. रविवारी त्या वाचायच्या आणि मी टाइप करायचे. यादी पूर्ण झाली तेव्हा एका संगीतशाळेच्या ग्रंथालयाने ती आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी ठेवली. सासूबाईंनी वरवर नाक मुरडलं, पण शेजारणीला बोलावून दाखवली. आणि ती यादी वाचूनच त्या बाईंचा फोन आला.

"तुमच्याकडे एका रचनेतला फक्त व्हायोलिनने वाजवायचा भाग आहे, सुटा कागद. वर एका नाट्यगृहाचा गोल शिक्का. तो बघायला येऊ शकते का मी?"

त्या आल्या त्या पाठीवर व्हायोलिनची पेटी घेऊनच. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले. कोणी न सांगता त्यांनी बूट काढले आणि हात धुवायला बेसिन कुठे आहे ते विचारलं. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "वळण चांगलं आहे हो." मग त्यांनी खण ओढला, कागद दोन्ही तळहातांवर घेतला आणि टेबलावर अलगद ठेवला.

बाईंनी शिक्क्यावर बोट टेकवलं नाही, नुसतं वर धरलं. "हे बाबांचंच," त्या म्हणाल्या.

त्यांचे वडील त्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे. नाट्यगृह बंद झाल्यावर घरी शिकवण्या घेऊ लागले. गेल्या वर्षी वारले. या तेव्हा कामासाठी दूर होत्या आणि पोहोचेपर्यंत धाकट्या भावाने घर रिकामं करून सगळे कागद रद्दीत दिले होते. "तो वाईट नाही हो, त्याला फक्त घाई असते," असं त्या म्हणाल्या, आणि ते वाक्य त्यांनी बऱ्याच जणांना ऐकवलेलं असणार. येत्या रविवारी वडिलांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला होता. हाच भाग त्या वाजवणार होत्या.

मग त्यांनी कागद उलटा केला. मागच्या पानावर छापखान्याने नुसत्या रेघा सोडलेल्या होत्या, लख्ख.

"इथे लिहिलेलं होतं," बाई म्हणाल्या.

त्याच पुढे समजावून सांगू लागल्या, आम्हाला ठाऊक नसल्यासारखं. मला ठाऊक नव्हतंच. अशा मोठ्या रचनेत एक जागा येते, तिथे बाकीचे सगळे वाजवायचे थांबतात आणि मुख्य वाजवणारा एकटाच आपलं स्वतःचं काहीतरी वाजवतो. छापील कागदावर तिथे फक्त खूण असते. त्यांच्या वडिलांनी स्वतः रचलेला तो तुकडा या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवला होता. पूर्ण पानभर.

"मी लहान असताना ते रोज पलीकडच्या खोलीत तो वाजवायचे. सुरुवात एकदम दणदणीत, मी दचकून जागी व्हायचे. मग ते हळू हळू होत जायचं आणि मला पुन्हा झोप लागायची. शेवटी परत दणका, परत मी जागी. त्यामुळे सुरुवात येते मला, शेवट येतो. मधलं मी कधी धड जागेपणी ऐकलंच नाही." त्या हसल्या. "तुमच्या यादीत 'मागचं पान कोरं' असं वाचलं तेव्हा मला वाटलं, लिहिणाऱ्याने पेन्सिल जमेस धरली नसेल. म्हणून आले."

इथे सासूबाईंनी चष्मा काढला. पुसला. लावला. आणि ती दुसऱ्या प्रतीची थाप मारली, लिहिलेला कागद वेगळाच असल्यासारखी. वर म्हणाल्या, "शनिवारी या. शोधून ठेवते."

त्या बाईंचा चेहरा असा उजळला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

दार लागल्याबरोबर मी विचारलं, "आई, दुसरी प्रत आहे?"

"नाही."

"तुम्ही पुसलंत?"

"मीच पुसलं. आणखी कोण पुसणार?" त्या कागद पुन्हा खणात ठेवत होत्या. "मागच्या हिवाळ्यात आला होता. एक सबंध दुपार लागली. पेन्सिल कडक होती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत त्यांना?"

"तू सांगितलं असतंस?"

मी रागावले होते आणि राग मला लपवता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदावर तुमची मालकी, म्हणाले. तुमचं ते उत्तम आणि जगाची ती घाण, म्हणाले. जरा जास्तच बोलले. यजमान घरी आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या स्वभावाप्रमाणे तोडगा काढला. "सांगून टाका, कागद आमच्याकडे आला तेव्हा असाच कोरा होता. रद्दीवाल्याने पुसला असेल. विषय संपला." औषधाच्या दुकानात बसून बसून त्यांना प्रत्येक दुखण्यावर गोळी असते असं वाटतं. सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं आणि जेवणाचं ताट तसंच ठेवून उठल्या. रद्दीवाला कागद पुसत बसत नाही हे त्यांनाही कळत होतं आणि ही थाप खपण्यासारखी आहे हेही.

मार्ग मला सुचला तो दुसऱ्या दिवशी कामावर. एका गाडीचा दरवाजा रंगवून, घासून इतका चकाचक करून आणला होता की समोरून काही दिसेना. अशा वेळी आम्ही टॉर्च पत्र्याला चिकटवून आडवा धरतो. आडव्या उजेडात दाबलेली जागा सावली धरते आणि पोचा लपत नाही. मी तशीच अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले.

भर दुपारी आम्ही खिडक्यांना चादरी लावून खोलीत अंधार केला. कागद टेबलावर, मी टॉर्च कागदाच्या पातळीला धरलेला, आणि सासूबाई नाक जवळजवळ कागदाला लावून. आधी काहीच नाही. मी टॉर्च जरा फिरवला आणि एकदम रेघांवर बारीक बारीक खड्डे उमटले. पेन्सिल गेली होती, पण तिने दाबलेला कागद दाबलेलाच राहिला होता.

"हलू नको," सासूबाई ओरडल्या. "हात हलवू नको तुझा!"

त्या वाचत गेल्या आणि पातळ कागदावर उतरवत गेल्या. माझ्या खांद्याला कळ लागली तरी मी हात खाली घेतला नाही. एक ओळ मिळाली, दुसरी मिळाली, तिसरीही जवळजवळ सगळी. सासूबाई मध्येच हसल्या, "बघ, बघ, काय घाईघाईने लिहितो माणूस!" मला वाटलं, सुटलो.

मग खड्डे उथळ होत गेले. चौथ्या ओळीच्या सुरुवातीला दोन-तीन दिसले, पुढे नाहीत. मी टॉर्च डावीकडून धरला, उजवीकडून धरला, वरून, खालून. सातव्या ओळीपर्यंत कागद सपाट होता. शेवटच्या दोन ओळी पुन्हा खोल, बोटाला लागतील इतक्या.

सासूबाईंना माझ्या आधी कळलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "वाजवणारा माणूस लिहिताना मनात वाजवत असतो," त्या म्हणाल्या. "जिथे जोर तिथे पेन्सिल दाबली. जिथे हळू तिथे नुसती टेकवली. हळू तेवढं सगळं गेलं."

म्हणजे त्या बाईंना जे येत होतं ते मिळालं होतं, आणि ज्याच्यासाठी त्या आल्या होत्या नेमकं तेच नव्हतं. मला त्या क्षणी सासूबाईंची फार दया आली आणि रागही तेवढाच होता, दोन्ही कसे एकदम येतात कोण जाणे.

त्यानंतर खोलीचं दार आतून बंद राहू लागलं. मी कामावर जाताना बंद, आले तरी बंद. आतून गुणगुणणं ऐकू यायचं, थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. जेवायला हाक मारली की "आले" म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. मुलं कुजबुजत बोलू लागली. शुक्रवारी संध्याकाळी दार उघडलं आणि त्या स्वयंपाकघरात आल्या. गाल लाल होते. हातात नवा पातळ कागद.

"मिळालं," म्हणाल्या.

कागद भरलेला होता. मधल्या ओळींत बारीक, हलक्या हाताने काढलेले ठिपके. अक्षर हुबेहूब वरच्या ओळींसारखं.

"कसं मिळालं?"

"मिळालं म्हटलं ना. नीट पाहिलं की दिसतं."

मी आत गेले, मूळ कागद काढला, चादर ओढली आणि टॉर्च आडवा धरला. चौथ्या ओळीपासून सातव्यापर्यंत तसाच सपाट कागद. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"आई, इथे काही नाही."

"तुला संगीतातलं काय कळतं?"

"संगीतातलं नाही कळत. पोचा कळतो."

इतक्या वर्षांत त्या माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या. "मग काय करू मी? भोक देऊ तिला? रविवारी लोकांसमोर उभी राहून भोक वाजवेल ती? मी रचलंय, हो, मी! दिवसरात्र बसून. वरच्या ओळी कुठे जातात ते बघून, खालच्या कुठून येतात ते बघून. चांगलं झालंय! तिला कधी कळणार नाही. कोणालाच कळणार नाही. तिचं समाधान होईल, यात कोणाचं काय जातं?"

खरं सांगायचं तर मलाही वाटलं, देऊन टाकावं. कामावर असते तर असा कागद मी क्षणात फेटाळला असता. पण दारात उभं राहून धापा टाकणारी ही म्हातारी माझी होती. मी एवढंच म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा. मी तोंड उघडणार नाही." आणि टॉर्च विझवला.

शनिवारी त्या बाई वेळेच्या आधीच आल्या. पुन्हा बूट, पुन्हा बेसिन. पेटी त्यांनी यावेळी पाठीवरून उतरवून मांडीवर घेतली होती. टेबलावर काहीच नव्हतं. भरलेला कागद वरच्या खणात होता आणि मधे मोकळ्या ओळी असलेला त्याच्या खालच्या खणात, हे मला माहीत होतं. सासूबाई कपाटाशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्यांचा हात वरच्या खणाच्या कडीवर गेला. तिथेच राहिला. मी मनात काय म्हणत होते ते मलाच नक्की सांगता येणार नाही.

वरचा खण त्यांनी ओढला नाही.

खालच्या खणातला कागद त्यांनी टेबलावर ठेवला, शेजारी मूळ कागद ठेवला आणि उभ्यानेच बोलल्या. "दुसरी प्रत नाही. मी खोटं सांगितलं. तुमच्या वडिलांनी लिहिलेलं माझ्याकडे आलं होतं, पूर्ण. मी ते पुसलं. मी सगळंच पुसते. टॉर्च लावून एवढं परत मिळालं."

बाईंनी पातळ कागद वाचला. फार वेळ लागला नाही. "हे मला येतंच," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"हे सगळं मला येतंच, काकू."

त्यांचा आवाज चढला नाही, तोच तर त्रास होता. ओरडल्या असत्या तर आम्हाला बरं वाटलं असतं. त्यांनी मूळ कागद जवळ ओढला आणि एक प्रश्न विचारला, जो माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

"पुसण्याआधी वाचलं होतंत?"

इथे "नाही" म्हणणं किती सोपं होतं. सासूबाई खुर्चीवर बसल्या. "वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "मी गुणगुणत पुसते. प्रत्येक ओळ वाचली होती. चांगलं आहे असंही वाटलं होतं मला. आणि पुसलं."

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं आता त्या उठून जाणार. त्यांनी पेटी उघडली. व्हायोलिन खांद्याला लावलं आणि म्हणाल्या, "मग म्हणा."

"मी गात नाही."

"म्हणा, काकू."

बाईंनीच सुरुवात वाजवली, ती दणदणीत, कपाटांचे खण थरथरले. चौथ्या ओळीपाशी गज थांबला आणि त्या सासूबाईंकडे बघत राहिल्या. आणि माझ्या सासूबाईंनी तोंड उघडलं. चिरका, कोरडा, म्हातारा आवाज, पण सुरात. पाच-सहा स्वर, मग आणखी थोडे, खाली उतरत जाणारे. बाईंचा चेहरा बदलला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. "हो," त्या पुटपुटल्या, "हो, हेच, हेच होतं, पुढे..." गज आवाजामागून हलक्याने येऊ लागला.

सासूबाई थांबल्या.

"पुढे म्हणा ना!"

"नाही येत."

"येतंय तुम्हाला! आता येत होतं!"

"ऐक माझं," सासूबाई म्हणाल्या. त्या कधी "तू" वर आल्या हे त्यांनाही कळलं नसावं. "मी या चार दिवसांत इथे बसून माझ्या मनाने मधलं रचलं. तुला तेच द्यायचं असं ठरवलं होतं. सारखं म्हणून बघत होते. आता डोक्यात तेच वाजतं. तुझ्या वडिलांचं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं, ते मला कळेनासं झालंय. एवढं त्यांचं होतं, तुझ्या चेहऱ्यावरून कळलं. पुढच्याची मला खात्री नाही. पुढे म्हटलं तर तू त्यालाही हो म्हणशील."

बाई व्हायोलिन धरून उभ्या राहिल्या. "माझं मी ठरवीन ना, काय त्यांचं ते," त्या म्हणाल्या. हे जवळजवळ विनवणीच होतं.

"नाही ठरवता यायचं, बाळा. तू झोपलेली होतीस."

बाईंनी तेवढे सापडलेले स्वर पातळ कागदावर लिहून घेतले, पेन्सिलीने. लिहिताना त्यांनी ती जेमतेम टेकवली. जाताना मूळ कागद सासूबाईंनी त्यांच्या हातात ठेवला, पण बाई आभार न मानताच गेल्या आणि ते योग्यच होतं.

रविवारी "नको जाऊ या" असं मी म्हणून पाहिलं. सासूबाई कपडे करून दारात उभ्या होत्या. सभागृह लहान होतं, विद्यार्थी, त्यांचे आईवडील, काही म्हातारी मंडळी. आम्ही मागे बसलो. बाई आल्या, वाजवू लागल्या, आणि बाकीचे सगळे थांबले ती जागा आली. दणदणीत सुरुवात झाली. मग ते खाली उतरणारे स्वर आले, अगदी हळू, आणि तुटले.

बाईंनी गज उचलून धरला. शांतता. सुरुवातीला लोकांना ती मुद्दाम घेतलेली वाटली. मग कोणीतरी खुर्चीत चुळबुळलं, कोणी खोकलं. पियानोवरच्या मुलीने घाबरून वर पाहिलं. सासूबाईंची नखं माझ्या मनगटात रुतली होती. मधल्या ओळींना जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ त्या दिव्याखाली तशाच उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी शेवट वाजवला.

टाळ्या पडल्या, जरा बिचकतच. बाहेर पडताना जिन्यात आमच्या पुढे एक गृहस्थ आपल्या बायकोला म्हणत होते, "ऐन वेळी विसरली बिचारी. वडिलांचीच रचना, आणि विसरली."

सासूबाईंनी माझा हात सोडला, भराभर दोन पायऱ्या उतरल्या आणि त्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं. तो वळला. जिन्यातले लोकही थांबले.

"ती विसरली नाही," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. "मी पुसलं."